खटका

जुन्या गाडीला तीन कान होते.
डावा पिळला की वारा, मधला पिळला की गारवा,
उजवा समोरच्या काचेवरचं धुकं पुसायचा.
उजव्याचं टोपण कधीच गेलेलं, नुसता दांडा उरलेला,
त्याला मी बॉलपेनचं बूच बसवलं होतं.
चौदा वर्षं. एकदाही खाली पाहिलं नाही.
घास तोंडात घालताना तोंड कुठंय ते कुणी बघतं का?

नवी गाडी लातूरहून आणली.
शोरूममधल्या पोराचं बोट काचेवरून फिरत होतं
पाण्यावरून पाणनिवळी जावी तसं.
"काका, एकही बटन नाही बघा," तो म्हणाला,
सोयरीक जुळवताना
पोराला सुपारीचंही व्यसन नाही म्हणतात, तसं.

माझी बोटं पान्याची, ग्रीसची.
रेशनच्या मशीनला माझा अंगठा ओळखू येत नाही,
आता गाडीलाही येईना.
एकदा दाबायचं, दोनदा दाबायचं,
तिसऱ्यांदा जिभेवर ओलं करून.
बाई शेजारच्या सीटवर खिडकीबाहेर बघत हसायच्या.

बाई भूल देतात.
केज, परळी, माजलगाव, कुठूनही फोन येतो,
रात्री दोनला: बाळ आडवं आहे, निघा.

पौषातली तशीच एक रात्र.
धारूरचा घाट उतरताना काच आतून दुधाळली.
माझा हात आपसूक उजव्या कानाकडं गेला.
तिथं कान नव्हता.
काचेत एक घर, घरावर बोट, मग पंखा,
पंख्यावर बोट, मग तीच विचारते:
वारा कुणाच्या बाजूला पाहिजे?
मी प्रश्न वाचत होतो.
मान वर केली तर उसाची ट्रॉली,
मागं ना दिवा, ना लाल फडकं,
उसाची टोकं आमच्यापासून हातभर.

ब्रेक तेवढा अजून पायाखालीच होता.
त्याला कुणी काचेत नेऊन ठेवलं नव्हतं.

पुढं बाई ओढणीनं काच पुसत राहिल्या,
थेट माजलगावपर्यंत. बोलल्या काहीच नाहीत.

मुलगी झाली, दोन किलो सातशे.
पहाटे स्टँडसमोरच्या टपरीवर बाईंनी चहा सांगितला,
मग म्हणाल्या, "गहिनीनाथ,
आमच्या भुलीच्या मशीनला ऑक्सिजनचा खटका
मुद्दाम खाचांचा करतात. बाकीचे गुळगुळीत.
लाईट जावो, नजर पेशंटवर असो,
बोटांना कळलं पाहिजे, हा तो."
चहावर साय धरली तरी त्या
अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवत होत्या,
हवेतच काहीतरी पिळल्यासारखं.

जुनी गाडी विकली तेव्हा ते बूच मी काढून घेतलंय.
शर्टाच्या खिशात असतं.
त्यांना दाखवावं वाटलं. दाखवलं नाही.

त्या आठवड्यात बाईंनी शोरूमला फोनवर फोन करून
धुक्याचं चित्र पहिल्याच पानावर आणवलं,
आणि कपाळावरची टिकली काढून
बरोबर त्याच्यावर चिकटवली.
"डोळे रस्त्यावर ठेव. आता चाचपड."
चाचपडलो. गुळगुळीत, गुळगुळीत, गुळगुळीत,
मग मखमल.
दाबलं. वारा आला.

आता नकाशा उघडला की तीच टिकली
कुठल्याही गावाच्या डोक्यावर जाऊन बसते.
गाणी लावली तर गाणं पुढं पळवते.
चैत्रात डिंक पातळ होतो, ती जागेवरून घसरते,
मग बाई पर्समधलं पाकीट काढतात, नवी लावतात,
एकदा मरून, एकदा हिरवी.

अंबाजोगाईच्या पंपावरचं पोरगं डिझेल भरता भरता
आत डोकावून विचारतं,
"काका, गाडीचं लग्न झालं का काय?"

झालं, म्हणतो मी.
नांदते का ते बघू.